धातूचे पैलू

हिरा एकच असला तरी त्याला कसे पैलू पाडले यावर त्याचे तेज ठरते, हे जवाहिऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. धातूंविषयी असेच काही सिद्ध करण्यास रसायनशास्त्राला मात्र दीड शतकाहून अधिक काळ लागला. उत्प्रेरकांच्या इतिहासाचे वैशिष्ट्य हेच की, येथे कार्य आधी साधले आणि कारण मागाहून उमगले.

१८२३ साली जर्मनीतील येना येथे डोबरायनर या प्राध्यापकाने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला. झोत हवेत मिसळताच प्लॅटिनम लालबुंद झाले आणि वायूने पेट घेतला. प्लॅटिनम मात्र जसेच्या तसे राहिले. महाकवी गटे याला त्याने हा शोध त्याच वर्षी पत्राने कळवला. या तत्त्वावर बनवलेले दिवे पुढे घरोघरी पोचले. १८३५ मध्ये बर्झेलियसने अशा क्रियांना ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. नाव मिळाले, उलगडा झाला नाही.

क्रिया धातूच्या पृष्ठभागावर घडते, एवढे फॅरडेच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले होते. पण पृष्ठभाग म्हणजे नेमके काय? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लँगम्यूरने त्याची कल्पना बुद्धिबळाच्या पटासारखी केली: सारखी घरे, आणि प्रत्येक घरात वायूचा एकेक रेणू. १९२५ मध्ये प्रिन्स्टनच्या ह्यू टेलरने याला छेद दिला. विषारी द्रव्याचा किंचितसा अंशही उत्प्रेरकाला निकामी करतो, त्या अर्थी पटावरील सारीच घरे कामाची नसावीत. कडेकोपऱ्यांतील, शेजारी कमी असलेले मोजके अणूच खरे कर्ते असावेत, असा त्याचा तर्क होता. तर्क मोठा होता, परंतु तो पडताळण्याचे साधन त्या काळी नव्हते. वातावरणाच्या एक अब्जांश दाबातही धातूचा स्वच्छ पृष्ठभाग सुमारे एका सेकंदात वायूच्या रेणूंनी झाकला जातो. त्याहून पुष्कळ अधिक निर्वात पोकळी निर्माण करता येईपर्यंत हा वाद अनिर्णितच राहणार होता.

दरम्यान जग थांबले नव्हते. १९०९ मध्ये हाबरने नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवून दाखवला. त्याचा ऑस्मियम हा उत्प्रेरक अतिशय दुर्मीळ होता. त्याला पर्याय शोधण्यासाठी मिटाश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो मिश्रणे तपासली. अखेर स्वीडनमधील येलिव्हारे येथील लोहखनिजाने हात दिला. शुद्ध लोह जे साधू शकत नव्हते, ते त्या खनिजातील अशुद्ध द्रव्यांमुळे साधले. १९१३ मध्ये ओपाउ येथे कारखाना उभा राहिला. पुढे त्यातून शेतांना खत मिळाले आणि महायुद्धाला दारूगोळाही. लोह हे कार्य कसे करते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तर येण्यास १९७०चे दशक उजाडले. म्युनिकमध्ये गेरहार्ड एर्टलने लोहाचे एकसंध स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी कापून त्यांवर नायट्रोजनचे वर्तन तपासले. फळांची नीट रचलेली रास आडवी कापली वा तिरपी, त्याप्रमाणे समोर दिसणारी नक्षी बदलते. स्फटिकातील अणूंचेही तसेच आहे. नायट्रोजनच्या रेणूतील बंध तुटणे हाच क्रियेतील सर्वांत मंद टप्पा, आणि तो कोणत्या पैलूवर घडतो यावर त्याचा वेग अवलंबून असतो, असे दिसून आले. १९८२ मध्ये बर्कलीच्या सोमोर्जाईने सहकाऱ्यांसह २० वातावरण दाबाखाली प्रत्यक्ष अमोनियाच बनवून तुलना केली. १११, १०० आणि ११० या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या पैलूंवरील वेगांचे प्रमाण निघाले ४१८ : २५ : १. धातू तोच, अणू तेच. केवळ मांडणीने चारशे पटींहून अधिक अंतर! लोहाच्या अंतर्भागात प्रत्येक अणूला आठ निकटचे शेजारी असतात. १११ हा पैलू विरळ असल्याने त्यावर सात शेजारी असलेले अणूही वायूला उघडे पडतात, आणि तेच या कामी विशेष समर्थ ठरतात, असा निष्कर्ष पुढे निघाला. टेलरच्या मोजक्या कर्त्या अणूंना असा पत्ता मिळाला. एर्टलला २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने पुढे जिथे काम केले, त्या बर्लिनच्या संस्थेला हाबरचेच नाव आहे.

मग जाणूनबुजून हवे तेच पैलू असलेले कण का घडवू नयेत? १९९६ मध्ये एल-सय्यद आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचे घनाकृती व चतुष्फलकी नॅनोकण वेगवेगळे घडवले. घनाच्या पृष्ठांवर अणू चौकटीत बसतात, चतुष्फलकाच्या पृष्ठांवर त्रिकोणी जाळीत. २००७ मध्ये चीनमधील शियामेन विद्यापीठात चोवीस पृष्ठांचे प्लॅटिनमकण तयार झाले. त्यांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पृष्ठांवर फॉर्मिक आम्ल व इथेनॉल यांचे ऑक्सिडीकरण, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या नेहमीच्या प्लॅटिनमपेक्षा चौपटीपर्यंत वेगाने झाले.

तरीही विजयाचा डंका पिटण्यात अर्थ नाही. २००४ च्या प्रयोगांत एल-सय्यद यांनाच असे आढळले होते की, क्रिया चालू असता चतुष्फलकांचे कोपरे झिजतात आणि कण हळूहळू गोलाईकडे झुकतात. जे कोपरे सर्वाधिक राबतात, तेच सर्वांत आधी नाहीसे होतात. मिटाशच्या खनिजातील ॲल्युमिनियमचे ऑक्साइड लोहकणांना एकमेकांत मिसळून जाण्यापासून रोखत असे, हे येथे आठवावे. पैलू पाडणे ही अर्धीच कला. तो टिकवणे ही उरलेली. त्या दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर मिटाशच्या हाती १९१० च्या सुमारासच लागले होते. प्रश्न समजण्यास मात्र इतरांना आणखी सत्तर वर्षे लागली.