ओतलेलं आणि ठोकलेलं

जुनी गाडी नावावर करायला आरटीओत गेलात तर एजंट चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतो. गाडी तीच आहे याचा तो पुरावा. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात हीच तपासणी इंजिनावर होते, आणि तिथे पणाला लागलेली रक्कम आपल्याकडच्या एखाद्या फ्लॅटएवढी असू शकते.

शेवरले कमॅरो झेड/२८ हीच गाडी घ्या. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिन ३०५ घन इंचांच्या, म्हणजे साधारण पाच लिटरच्या आत हवं असा नियम होता. शेवरलेकडे २८३ चं इंजिन होतं, ते लहान. ३२७ चं होतं, ते मोठं. मग त्यांनी मोठ्याच्या ब्लॉकमध्ये लहानाचा तीन इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला आणि ३०२ घन इंचांचं इंजिन तयार झालं. १९६७ ते १९६९ या तीन वर्षांतल्या झेड/२८ मध्ये तेच होतं. १९६९ च्या मॉडेलच्या अशा २०,३०२ गाड्या बनल्या. (शेवटचे तीन आकडे हा निव्वळ योगायोग.) साध्या कमॅरोत दुसरी इंजिनं असत, आणि आज दोन्ही गाड्यांच्या किमतीत मोठी दरी आहे. म्हणून एखादी साधी कमॅरो झेड/२८ म्हणून खपवायचा मोह अनेकांना होतो.

मग इंजिन ओळखायचं कसं? ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कडेवर, सात आकडे उठून दिसतात. हा कास्टिंग नंबर. ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात. साचा ज्या पॅटर्नवरून घडवतात त्यावरच हे आकडे असतात. त्यांचा ठसा वाळूत उमटतो आणि लोखंड थंड झालं की ब्लॉकच्या अंगावर येतो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

पण हा नंबर पॅटर्नचा असतो, इंजिनाचा नव्हे, आणि नवखा खरेदीदार इथेच फसतो. ३९७००१० हा प्रसिद्ध नंबर पाहा. १९६९ च्या काही ३०२ इंजिनांवर तो सापडतो, ३५० वरही सापडतो. दोन्हींचा सिलिंडर चार इंच व्यासाचा. फरक आतल्या क्रँकचा, आणि तो बाहेरून दिसत नाही. वर हाच नंबर सत्तरच्या दशकातही वर्षानुवर्षं चालू राहिला.

तारीखही ओतलेलीच असते. महिन्याला एक अक्षर (जानेवारीला ए, डिसेंबरला एल), मग दिवस, मग वर्षाचा बहुतेक वेळा फक्त शेवटचा आकडा. ‘सी ३१ ९’ म्हणजे ३१ मार्च, साल नऊ. आता हे एकोणसत्तर की एकोणऐंशी? फाउंड्रीतल्या माणसाला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. एखादा ब्लॉक तडकलेला किंवा पोकळ निघाला तर तो कोणत्या दिवसाचा, एवढंच त्याला शोधायचं होतं. पन्नास वर्षांनी कुणी टॉर्च घेऊन खाली वाकेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

उत्तर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला मिळतं. उजव्या हेडच्या पुढे एक छोटी सपाट जागा असते. इंजिन जुळवताना तिथे नंबर ठोकत. ‘व्ही०४१०डीझेड’ असं वाचलंत तर व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, १० एप्रिल, आणि डीझेड हा १९६९ च्या ३०२ चा कोड. १९६८ च्या मॉडेलपासून गाडीच्या नंबरातला काही भागही इंजिनावर ठोकू लागले.

आता ताळा करायचा. ब्लॉक आधी ओतला जाणार, मग इंजिन जुळणार, मग ते गाडीत बसणार. ३१ मार्चला ओतलेला ब्लॉक १० एप्रिलला जुळला, हे पटतं. ठोकलेली तारीख ओतल्याच्या आधीची असेल, तर पुढे काहीच बोलायला नको.

ठोकलेला नंबर मुळात कमी भरवशाचा. अक्षरांचे पंच आणि हातोडी कुणाकडेही असते. ओतलेलं खोटं करणं कठीण, तरी लोक तेही करतात: तारीख ग्राइंडरने घासायची आणि नवी चिकटवायची. म्हणून जाणकार नंबराच्या आधी त्याच्याखालचा पृष्ठभाग पाहतात. कारखान्यात ब्लॉकचा माथा कापताना त्या सपाट जागेवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा उमटत. नंबर आहे पण रेषा नाहीत, तर संशय.

संशयच, गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. ती जागा ब्लॉकच्या माथ्याच्याच पातळीत आहे. सत्तरच्या दशकात गाडी तापली, हेड गॅस्केट गेलं, गॅरेजवाल्याने ब्लॉक मशीनवर चढवून माथा सपाट केला, की नंबर आणि रेषा दोन्ही गेल्या. काम प्रामाणिक, गाडी पुन्हा रस्त्यावर. तेव्हा ती फक्त जुनी गाडी होती. अशा इंजिनाबाबत विचारायला मग मागचे ओतलेले आकडे उरतात, आणि ऑइल पॅन काढला तर मेन कॅपला दोन बोल्ट आहेत की चार, हे. १९६९ च्या ३०२ ला चार असत. काही ३५० नाही असत.