यवमद्य आणि पिंपाचे लाकूड

पिंप हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्याकडे ‘पीपा’ म्हणजे मुख्यतः द्राक्षमद्याचे लाकडी भांडे. आपण त्यात पाणी, तेल आणि डांबर भरून त्याचे कूळ विसरलो, इतकेच. ज्या इंग्लंडात द्राक्षवेलीला ऊन पुरत नव्हते पण जव उदंड पिकत होता, तेथील बिअरकारांनी या भांड्याशी शेकडो वर्षे मोठा सावध संसार केला. आणि लाकडाचा जो वास चुकवण्यात पूर्वजांनी हयात घालवली, त्याच वासासाठी त्यांचे वंशज आज दाम मोजीत आहेत, ही हकीकत मला मौजेची वाटते.

अशा मुरवलेल्या तीव्र बिअरचे ‘जवाची वाइन’, म्हणजेच यवमद्य, हे नाव इंग्रजांहून पुष्कळ प्राचीन आहे. इ. स. पूर्व ४०१ च्या सुमारास ग्रीक भाडोत्री फौजेबरोबर आर्मेनियाच्या हिमाच्छादित गावांतून परतणाऱ्या झेनोफनला तेथील घरांत हे पेय मोठ्या वाडग्यांत भरून ठेवलेले आढळले. वर जवाचे दाणे तरंगत असत, बोरूच्या नळीने ते ओढून प्यावे लागे, आणि पाणी न घातल्यास ते फार कडक असले तरी सवय झालेल्यास रुचे, अशी नोंद त्याने केली आहे.

इंग्लंडात या पेयाला प्रतिष्ठा लाभली ती अठराव्या शतकात. फ्रान्सशी वारंवार जुंपणाऱ्या युद्धांनी आणि जबर जकातीने फ्रेंच वाइन महागली, तेव्हा मोठमोठ्या जमीनदारांच्या वाड्यांतील मद्यशाळांत, नवे धान्य हाती आले आणि हवा गार झाली की, एक तीव्र बिअर घातली जाऊ लागली. तिचे नावच ‘ऑक्टोबर’. भिजवलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, पहिला आणि सर्वांत गोड निथळ धन्याच्या पिंपात जाई. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून निघालेली पातळ बिअर चाकरमाणसांच्या वाट्याला येई. वारस जन्मला की पिंप भरून ठेवावे आणि एकविसाव्या वर्षी तो सज्ञान होई त्या दिवशी ते फोडावे, असा कित्येक घराण्यांचा रिवाज होता.

व्यापारी पातळीवर ही परंपरा चालवली ती ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावाने. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम विपुल. त्या पाण्याची गडद, गोड आणि तीव्र एल, म्हणजे इंग्रजी धाटणीची बिअर, हल बंदरातून बाल्टिक समुद्रमार्गे रशियापर्यंत जात असे. १८२२ साली रशियाच्या नव्या जकातीने तो व्यापार बुडवला, तेव्हा बर्टनकरांनी हिंदुस्थानकडे मोहरा वळवून फिकट, कडवट पेल एलची पिंपे मुंबई-कलकत्त्याकडे रवाना केली. तीव्र एल मात्र मायदेशी टिकली. १९०२ च्या फेब्रुवारीत बादशहा सातवा एडवर्ड बर्टनच्या बास कंपनीच्या कारखान्यात आला, त्या वेळी त्याच्या हस्ते घातलेल्या ‘किंग्ज एल’च्या काही बाटल्या शंभर वर्षांनंतरही शिल्लक होत्या.

आता लाकडाविषयी. पिंपाने बिअरला आपला वास देऊ नये, हा इंग्रज बिअरकारांचा जवळजवळ धर्मच होता. त्यासाठी ते बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरातून येणारा ओक घेत, कारण तो अबोल. अमेरिकन ओकला व्हॅनिलाचा वास, म्हणून त्याच्यावर बहुतेकांची गैरमर्जी. तरीही मुरलेल्या बिअरला एक विलक्षण गंध येतच असे. तो लाकडाचा नसून लाकडाच्या सच्छिद्र पोटात बिऱ्हाड करून राहिलेल्या एका यीस्टचा होता, हे १९०४ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन याने दाखवले आणि त्या यीस्टचे नाव ब्रेटॅनोमायसीझ, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे ठेवले. पुढे धातूची पिंपे आली आणि हा प्रश्नच निकालात निघाला.

लाकूड परत आले ते अमेरिकेच्या कायद्यामुळे. बोर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी, असा तेथील दंडक. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे हजारोंनी मोकळी होतात आणि त्यांतली पुष्कळशी स्कॉटलंडची वाट धरतात. एका स्कॉच कारखानदाराने आपल्या व्हिस्कीला बिअरची चव यावी म्हणून पिंपात आधी बिअर भरली. ती ओतून द्यायची होती, पण कामगारांना ती इतकी आवडली की ती घरी जाऊ लागली, आणि त्यातूनच २००३ साली इनिस अँड गन ही पेढी उभी राहिली, असे सांगतात. मँचेस्टरजवळच्या जे. डब्ल्यू. लीस यांची ‘हार्वेस्ट एल’ हे तर अस्सल यवमद्य. १९८६ पासून दरसाल नव्या हंगामाच्या माल्टची, साडेअकरा टक्के मद्यार्काची, आणि तिचा काही भाग स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लागाव्हुलिन व्हिस्कीच्या पिंपांत मुरवलेला.

माल्ट व्हिस्की हीही अखेर जवाचीच लेक, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांवाचून आंबवून गाळलेली. तेव्हा हा दोन बहिणींचा संसार नांदायला हरकत नसावी. असे यवमद्य लहान पेल्यात, बर्फगार न करता घेतल्यास मुळात काकवी, खजूर आणि मनुका लागतात; बोर्बनचे पिंप त्यावर खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा थर चढवते, लागाव्हुलिनचे ओल्या चुलीच्या धुराचा. धूर मागाहून यावा आणि खजूर आधी, हे साधणारे थोडे. ज्या पेल्यात केवळ व्हिस्कीच लागते, त्यातली बिअर बिघडली असे बर्टनच्या जुन्या पिंपकाराने सांगितले असते, आणि माझा निकाल त्याच्याहून निराळा नाही.