चौंडीची लेक, होळकरांची सून : १७३३ ते १७६७

अहिल्याबाई होळकरांचे चरित्र लिहिणारे बहुतेक लेखक दोनच स्थळी रेंगाळतात. एक चौंडीचे देऊळ, जेथे मल्हाररावांनी आठ वर्षांची एक पाटलाची पोर पाहिली व तिला सून करून घेण्याचे ठरविले, अशी आख्यायिका आहे. आणि दुसरे महेश्वर, जेथून बाईंनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे राज्य केले. या दोन स्थळांमधील चौतीस वर्षे चरित्रकार एकदोन परिच्छेदांत उरकतात. सामान्य घरातील मुलगी दरबारी जीवनाशी कशी समरस झाली, हा प्रश्न मात्र नेमका याच वर्षांतला आहे. त्यांचा विचार केल्यावाचून पुढील अठ्ठावीस वर्षांचा उलगडा होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम 'राजघराणे' या शब्दाची मर्यादा ओळखली पाहिजे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे माणकोजी शिंदे या पाटलांच्या घरी झाला. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी होळकरांचे घर पिढीजात राजवैभवाचे नव्हते. मल्हारराव नीरेकाठच्या होळ गावचे; त्यांचे बालपण खानदेशात तळोद्यास मामाकडे गेले आणि तेथेच मामाची कन्या गौतमाबाई यांच्याशी त्यांचे लग्न झाले. माळव्यातील मुलखाची शिंदे, होळकर व पवार यांच्यात वाटणी होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. तात्पर्य, नव्या सुनेने जुळवून घ्यावे असा तयार दरबार तेथे नव्हताच. सरंजामाचे संस्थान होत होते आणि त्याच काळात सून वाढत होती. तिची सासूही साध्याच घरातून आलेली होती. विवाहाने कुळ उंचावले असे म्हणताना, ते कुळही त्याच सुमारास उंचावत होते, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट खासगीची. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र उत्पन्नाचा मुलूख लावून दिला. होळकरशाहीत 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन विभाग पुढे कायम राहिले, त्यांचे मूळ या देणगीत आहे. दौलतीच्या उत्पन्नावर फौज व मुलकी खर्च चाले. खासगीचा वसूल, हिशेब व विनियोग घरच्या बाईच्या हाती असे. अर्थात या घरातील अंतःपुर म्हणजे नुसते स्वयंपाकघर व देवघर नव्हते. त्याला कमाविसदार होते, जमाखर्च होता, पेशवे दरबारने मान्य केलेला हक्क होता. अहिल्याबाईंनी कारभाराचे पहिले धडे अशा घरात घेतले. १७६१ साली गौतमाबाई निवर्तल्या आणि खासगीचा अधिकार सुनेकडे आला. दौलतीची सूत्रे हाती येण्यापूर्वी सहा वर्षे त्या एका मुलखाचा कारभार स्वतःच्या अधिकाराने पाहत होत्या, ही गोष्ट सामान्यतः दुर्लक्षित राहते.

तिसरी गोष्ट वैधव्याची. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाईंनी सती जाण्याचा निश्चय केला व मल्हाररावांनी विनवणी करून त्यांस परावृत्त केले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. या प्रसंगाची चर्चा भावनेच्या अंगाने पुष्कळ झाली. तिची व्यावहारिक बाजू फारशी कोणी पाहिली नाही. मल्हाररावांचा बहुतेक काळ उत्तरेच्या मोहिमांत जात असे आणि एकुलता एक पुत्र गेल्यावर विश्वासाने काम सांगावे असे घरचे माणूस सुनेखेरीज उरले नव्हते. त्यांची पत्रे या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. १७६५ सालच्या एका पत्रात ते सुनेस चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीकडे जाण्यास, तेथे काही दिवस मुक्काम करून मोठ्या तोफखान्याची व्यवस्था लावण्यास आणि गोळ्यांची व दारूगोळ्याची तरतूद करण्यास सांगतात. सासऱ्याने सुनेस लिहिलेल्या या पत्राचा विषय तोफखाना आहे, आणि त्याचा सूर सरदाराने भरवशाच्या कारभाऱ्यास हुकूम करावा तसा आहे. असे पत्र पहिल्याच खेपेस कोणी लिहीत नाही. त्यामागे अनेक वर्षांचा सराव गृहीत धरावा लागतो.

या उमेदवारीची कसोटी लवकरच लागली. मल्हारराव १७६६ साली आलमपूर येथे वारले. नातू मालेराव गादीवर येऊन १७६७ साली मरण पावला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा घाट घातला, तो अर्थात कारभार आपल्या हाती राहावा म्हणून. रघुनाथराव पेशवे त्यांचे पाठीराखे झाले. बाईंनी दत्तकास नकार दिला, फौज सज्ज केली आणि मराठी सरदारांकडे पत्रे धाडली. माल्कमच्या कथनानुसार महादजी शिंदे व नागपूरकर जानोजी भोसले या दोघांनीही रघुनाथरावांच्या या उद्योगात सामील होण्याचे साफ नाकारले. पुढे १७६९ च्या कनकापूरच्या तहापर्यंत जानोजींचे पेशवे माधवरावांशी असलेले वैर आणि रघुनाथरावांकडचा त्यांचा ओढा ध्यानात घेतला, म्हणजे या नकाराचे वजन कळते. माधवरावांनीही बाईंचा पक्ष उचलून धरला. बाईंनी फौजेचे आधिपत्य तुकोजी होळकरांकडे सोपविले व मुलकी सत्ता स्वतःकडे ठेवली. खजिना, फौज, पत्रव्यवहार आणि पुणे दरबारची नाडी या चारही गोष्टी त्यांनी एकाच वेळी हाताळल्या. त्या एका रात्रीत शिकून येत नाहीत.

नागपूरच्या वाचकांस येथे बाकाबाई भोसल्यांची आठवण होणे साहजिक आहे. दुसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर १८१६ साली परसोजींच्या नावाने कारभार कोणी करावा यावरून त्यांचा अप्पासाहेबांशी झगडा झाला व त्यात त्या हरल्या. १८१८ नंतर तिसऱ्या रघुजींच्या बालपणी राजवाडा व बाळराजाचा सांभाळ त्यांच्याकडे आला, परंतु राज्याचा कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती राहिला. दोघींच्या कर्तृत्वाची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. काळही निराळा होता. परंतु राजस्त्रीच्या हाती स्वतःचे उत्पन्न, स्वतःची माणसे आणि आधीपासून चालत आलेला अधिकार असणे किती निर्णायक ठरते, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बाईंची दिनचर्या दिली आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा व पुराणश्रवण, दानधर्म, दुपारी दोनपासून सायंकाळी सहापर्यंत दरबार, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज, असा तो क्रम आहे. चरित्रकारांनी यातील पूजा व दानधर्म ठळक केले आणि सहा तासांचे कामकाज त्यांच्या छायेत गेले. 'पुण्यश्लोक' ही पदवी यथार्थच आहे. तथापि तिच्यामुळे एक अनिष्ट परिणाम झाला : जे ज्ञान बाईंनी चौतीस वर्षे कष्टाने मिळविले, ते जन्मजात दैवी देणगी वाटू लागले. देणगीचा इतिहास लिहिता येत नाही, शिक्षणाचा लिहिता येतो. मराठी राजघराण्यांत सामान्य घरांतून आलेल्या अनेक स्त्रियांचे शिक्षण खासगीच्या जमाखर्चात, मोहिमेवरून आलेल्या पत्रांत व कारभाऱ्यांशी झालेल्या व्यवहारात विखुरलेले आहे. अभ्यासकांनी विवाहाच्या मितीनंतरची ही कागदपत्रे त्या दृष्टीने पुन्हा वाचावीत, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.