धमनी ताठरता मापन उपकरणे (मधुमेह)

मधुमेहात धमन्यांच्या भित्तिका वयाच्या मानाने लवकर ताठर होतात आणि हृदयविकार, पक्षाघात व मूत्रपिंडविकार यांचा धोका वाढतो. शरीरात सुई किंवा नलिका न घालता ही ताठरता मोजणारी अनेक उपकरणे प्रचलित आहेत. मात्र त्यांचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

तत्त्व

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी दाबाची लाट धमन्यांतून पुढे सरकते. धमनी जितकी ताठर, तितका हा नाडीतरंग वेगवान असतो. दोन बिंदूंमधील अंतराला तरंगास लागलेल्या वेळेने भागले असता वेग मिळतो. मान ते जांघ हा वेग प्रमाणभूत मानला जातो. २०१२ च्या युरोपीय तज्ज्ञमतानुसार त्याची धोक्याची मर्यादा सेकंदाला १० मीटर असून, त्यासाठी दोन बिंदूंमधील सरळ अंतराचा ८० टक्के भाग धरतात.

उपकरणांची तुलना

ऑस्ट्रेलियातील स्फिग्मोकॉर व फ्रान्समधील कॉम्प्लिओर ही उपकरणे मान-जांघ वेग मोजतात; त्यासाठी प्रशिक्षित हात लागतो. जपानमधील ओमरॉन व्हीपी-१००० आणि हैदराबाद येथे तयार झालेले पेरिस्कोप यांत हातापायांना चार पट्टे बांधतात. ती हाताळण्यास सोपी आहेत. परंतु दंड-घोटा वेगात पायांतील धमन्याही येत असल्याने आकडा मोठा येतो. जपानमध्ये त्याची मर्यादा १८ मीटर मानतात. जर्मनीतील मोबिल-ओ-ग्राफला दंडावरील एकच पट्टा पुरतो. तथापि त्याचा वेग मुख्यतः वय व रक्तदाब यांवरून अनुमानित असल्याने मधुमेहामुळे आलेली अतिरिक्त ताठरता त्यात झाकली जाऊ शकते.

मधुमेहींबाबत दक्षता

पायांच्या धमन्यांत चुना साचल्यास घोट्याचा दाब खोटा वाढतो. घोटा-दंड दाब गुणोत्तर १.४ हून अधिक आल्यास ते विश्वसनीय नसते. सुटलेल्या पोटावरून फीत नेल्यास अंतर व पर्यायाने वेग फाजील येतो. सडपातळ भारतीयांतही पोटाभोवती चरबी साचते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे; त्यामुळे ही चूक केवळ स्थूल रुग्णांपुरती मर्यादित नाही.

समजा, चांदूर रेल्वे येथील शिबिरात चार पट्ट्यांच्या यंत्रावर १४ मीटर वेग आला. तो १० च्या मर्यादेशी ताडल्यास रुग्ण विनाकारण धास्तावेल. पुढे नागपुरात मान-जांघ वेग ९ आल्यास सुधारणा झाल्याचा भ्रम होईल. म्हणून अहवालात उपकरणाचे नाव, मोजमापाचे बिंदू व त्या वेळचा रक्तदाब नोंदवणे आणि फेरतपासणी त्याच उपकरणावर करणे आवश्यक ठरते.