होकुसाईची महालाट : उजवीकडून पाहावयाचे चित्र

जपानी कलेतील सर्वाधिक परिचित चित्र कोणते, या प्रश्नाला जगभर बहुधा एकच उत्तर मिळते : कात्सुशिका होकुसाई (१७६०-१८४९) यांची 'महालाट'. जपानने जुलै २०२४ मध्ये चलनात आणलेल्या एक हजार येनच्या नोटेच्या मागील बाजूसही हीच लाट आहे. अतिपरिचयामुळे मात्र हे चित्र ओळखणारे पुष्कळ आणि निरखून पाहणारे थोडे, अशी स्थिती झाली आहे. त्याची रचना उलगडून पाहिली, तर एका लहानशा कागदावर एवढे भय कसे मावले, याचे उत्तर मिळते.

सुमारे १८३१ मध्ये एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, हे चित्र प्रसिद्ध झाले. त्या वेळी होकुसाई सत्तरी ओलांडलेले होते. प्रकाशक निशिमुराया योहाची यांनी काढलेल्या 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये' या मालिकेतील हे एक काष्ठमुद्राचित्र. मालिका पुढे ४६ चित्रांपर्यंत वाढली. चित्राचा आकार जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटर. चित्रकाराचे रेखाटन लाकडी ठोकळ्यावर चिकटवून कोरले जाई आणि रंगांसाठी वेगवेगळे ठसे वापरून कागदावर छपाई होई. सामान्य नगरवासीयांनी विकत घ्यावे, यासाठीच ते तयार झाले होते.

लहान पर्वत, मोठी लाट

मालिकेचा विषय फुजी पर्वत. पण येथे ३ हजार ७७६ मीटर उंचीचा हा पर्वत चित्रातील जवळजवळ सर्वांत लहान वस्तू आहे. होकुसाईंनी क्षितिज खूप खाली ठेवले आणि पाहणाऱ्याची नजर जणू पाण्याच्या पातळीवर आणली. त्यामुळे जवळची लाट आकाशाला भिडते आणि दूरचा पर्वत तिच्या खळग्यात टेकडीएवढा दिसतो. दूरची वस्तू लहान दाखविण्याची ही युरोपीय यथार्थदर्शनाची पद्धत डच चित्रांमधून जपानमध्ये पोहोचली होती. होकुसाईंनी ती उचलली, पण विषयाला गौण स्थान देण्याचे धाडस त्यांचे स्वतःचे.

पर्वत लहान असूनही हरवत नाही. त्याच्यामागील आकाश गडद छटेने भरले आहे, त्यामुळे हिमाच्छादित शिखर उठून दिसते. शिवाय लाटेची संपूर्ण कमान वळून त्याच्याकडेच नजर नेते.

आकारांची पुनरावृत्ती

समोरच्या लहान लाटेकडे पाहावे. तिचा त्रिकोणी आकार आणि पांढरा माथा हुबेहूब फुजीसारखा आहे. पर्वत पाण्यासारखा आणि पाणी पर्वतासारखे भासते ते या साधर्म्यामुळे. मोठ्या लाटेच्या कडेला फेसाचे लहान लहान आकडे फुटतात, तेही मूळ लाटेचीच वळणे गिरवतात. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांना या लाटांमध्ये होडीला पकडणारे पंजे दिसले होते. फेसाचे तुषार फुजीच्या दिशेने उडतात, तेव्हा शिखरावर बर्फ पडत असल्याचा भास होतो.

लाट डावीकडे एकवटली आहे. उजवीकडे वर विस्तीर्ण मोकळे आकाश आहे. हे रितेपण निरर्थक नाही. लाट कोसळणार आहे ती याच पोकळीत, म्हणून पाहणाऱ्याचा श्वास तेथे अडकतो.

नजरेची दिशा

मूळ शीर्षकाचा अर्थ 'कानागावाच्या समुद्रात, लाटेखाली' असा होतो. लाटेखाली आहेत ती माणसे. ताजी मासळी वाहणाऱ्या तीन वेगवान होड्यांमध्ये वल्हेकरी ओणवे होऊन घट्ट बसले आहेत. होड्यांची नाळ डावीकडे, लाटेच्या दिशेने आहे.

येथे वाचनाच्या सवयीचा प्रश्न येतो. मराठी किंवा इंग्रजी वाचकाची नजर डावीकडून उजवीकडे जाते. तो लाटेबरोबर चित्रात शिरतो आणि होड्यांवर कोसळतो. पारंपरिक जपानी लेखन मात्र उजवीकडून डावीकडे वाचले जाते. त्या वाचकाला आधी होड्या भेटतात, मग समोरून अंगावर येणारी लाट. पहिल्यासाठी हा निसर्गाच्या सामर्थ्याचा देखावा ठरतो. दुसरा वल्हेकऱ्यांच्या बाजूने संकटाला सामोरा जातो.

निळाई आणि एक गैरसमज

चित्राच्या परिणामात रंगाचा वाटा मोठा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये शोध लागलेला 'प्रशियन ब्लू' १८३०च्या सुमारास जपानी मुद्राचित्रांत विपुल वापरला जाऊ लागला. या निळ्याच्या गडद-फिक्या पट्ट्यांनी लाटेला घनता दिली. बाह्यरेषाही काळ्याऐवजी निळ्या ठेवल्याने पाणी रेषेत कोंडल्यासारखे वाटत नाही.

या चित्रावर 'सुवर्ण गुणोत्तरा'ची सर्पिल रेषा बसवून दाखविण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. होकुसाईंनी ते गुणोत्तर योजल्याचा पुरावा नाही. भूमितीचे भान मात्र त्यांना निश्चित होते. १८१२ मधील त्यांच्या चित्रकला-शिक्षणाच्या पुस्तकात वर्तुळ आणि चौकोन यांतून आकृती उभारण्याचे धडे आहेत. लाटेचा विषयही त्यांनी १८०३ आणि १८०५च्या सुमारास हाताळला होता. म्हणजे ही रचना सुमारे पाव शतकाच्या सरावातून घडली. सत्तरीपूर्वीचे आपले काम फारसे दखल घेण्याजोगे नाही, असे होकुसाईंनी पुढे लिहून ठेवले.

स्वस्तात विकल्या गेलेल्या या चित्राची एक प्रत २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २८ लाख डॉलरना गेली. पण त्याचे खरे मोल त्या थांबलेल्या क्षणात आहे. लाट कोसळत नाही, होड्या बुडत नाहीत आणि सुटतही नाहीत. मागे फुजी अविचल उभा आहे. हे चित्र पुन्हा समोर येईल तेव्हा नजर उजव्या कडेवरून आत न्यावी. लाटेआधी माणसे दिसतील.