पिवळ्या मातीची ओळख

मंडळी, दगड पिवळा दिसला म्हणजे ओळख पटली असं होत नाही. गंधक पिवळं, पिवडी पिवळी आणि युरेनियमची कित्येक खनिजंही पिवळीच!

अमेरिकेत कोलोरॅडोच्या वालुकाश्मात हळद सांडावी तशी एक पिवळी भुकटी सापडते. तिचे नमुने फ्रान्सला गेले. १८९९ साली फ्रीडेल आणि क्युमांज या दोघांनी पृथक्करण केलं, तर पोटॅशियम, युरेनियम आणि व्हॅनेडियम अशी तिघांची मोट निघाली. खनिज नवीनच होतं. आदोल्फ कार्नो या फ्रेंच रसायनज्ञावरून त्याला कार्नोटाइट नाव मिळालं. ऑट्युनाइट हे दुसरं पिवळं खनिज अतिनील प्रकाशात हिरवट चमकतं, हे तसं चमकत नाही. पण टुयामुनाइट थेट ह्याच्यासारखंच दिसतं. फरक एवढाच, की त्यात पोटॅशियमऐवजी कॅल्शियम. तिथे डोळ्यांचं काम नाही, प्रयोगशाळाच हवी.

ओळख पटली तरी ज्याने त्याने त्यात आपल्याला हवं तेच पाहिलं. आधी रेडियम. १९२१ साली अध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते मेरी क्युरीबाईंना एक ग्रॅम रेडियम भेट मिळालं, ते ह्याच मातीतलं. मग पोलाद कणखर करायला व्हॅनेडियम. आणि दुसऱ्या महायुद्धात बाँबसाठी युरेनियम.

खणायला होते नावाहो आदिवासी. खाणीत रेडॉन वायू कोंडलेला, वायुवीजनाच्या नावाने शून्य. जर्मनीतल्या श्नेबेर्गच्या खाणकामगारांना फुप्फुसाचा घातक रोग होतो, हे दोन डॉक्टरांनी १८७९ सालीच लिहून ठेवलं होतं. १९५० पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने युरेनियम खाणकामगारांच्या तपासण्या सुरू केल्या, पण धोका काय आहे ते त्यांना सांगितलं नाही. कित्येक जण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. भरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये. २००५ साली नावाहोंनी आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणकामालाच बंदी घातली.

असो. नातवंडांनो, एखाद्या संग्रहालयात असा पिवळा दगड दिसला, तर खालच्या चिठ्ठीवर नाव असेल, सूत्र असेल, गावही असेल. तो कोणी खणला, हे मात्र तुम्ही आवर्जून विचारा.