बेचाळीस

१९ डिसेंबर २०२०, शनिवारची सकाळ. दारापुढच्या मेथीला पाणी घालून मी घरात आलो तर पुतण्या टीव्हीपुढं उभा. बसला नव्हता, उभाच होता. एका हातात मोबाइल, आणि तोंडानं अखंड शिव्या. लॉकडाऊनपासून त्याचं ऑफिस घरीच भरत होतं, म्हणून हे दर्शन आम्हाला रोज व्हायचं. ॲडलेडला आपली टीम छत्तीस धावांवर संपली होती. अकरापैकी एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. शमीच्या हाताला बॉल लागला, तो परत गेला आणि डाव तिथंच मिटला.

"काका, एवढं वाईट कधी हरलो होतो का आपण?"

"बेचाळीस," मी म्हणालो. "चौऱ्याहत्तर साली. लॉर्ड्सवर."

"मग तेव्हा तुम्ही काय केलं?"

त्यानं सहज विचारलं होतं. मी चहा घ्यायला आत गेलो. त्या दिवशी त्याला उत्तर दिलं नाही, ते आता इथं लिहितोय.

बेचाळीसचं दुःख कळायला आधी एकाहत्तरचा आनंद कळला पाहिजे. तेव्हा कळवा म्हणजे गाव होतं. पूल ओलांडला की ठाणे शहर, आणि अलीकडं आम्ही. मागं पारसिकचा डोंगर, पुढं खाडी, मधे भाताची खाचरं. थोरल्या काकांकडं मर्फीचा रेडिओ होता. मर्फीचा कारखानाच ठाण्यात, त्यामुळं तो रेडिओ आम्हाला घरचाच वाटायचा. त्याचं लायसन दर वर्षी पोस्टात भरावं लागायचं आणि काका ते न चुकता भरायचे. विलायतेतली मॅच आपल्याकडं दुपारी चारला सुरू व्हायची आणि रात्री अकरापर्यंत चालायची. कॉमेंट्री इंग्रजीत, त्यात खरखर. आम्हाला कळायचे ते आकडे, खेळाडूंची नावं आणि 'आऊट'. आजी पडवीत बसून म्हणायची, "ते गोरे काय बोलतान, तुम्हाला कलतंय का रं?" आम्ही म्हणायचो, कळतं. अर्धं खोटं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला पतौडींच्या जागी अजित वाडेकर कप्तान झाले. निवड समितीची मतं सारखी पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या मतानं निकाल लागला. वाडेकर आपले मराठी, दादरचे, स्टेट बँकेत नोकरीला. आधी वेस्ट इंडिजमध्ये जिंकून आले, त्यात गावसकरच्या ७७४ धावा. मग इंग्लंड. पहिल्या दोन कसोटी अनिर्णित, आणि ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीचा शेवटचा दिवस आला २४ ऑगस्टला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा गडी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं होतं आणि आपल्याला हव्या होत्या १७३. तिकडच्या आपल्या लोकांनी गणपतीचा दिवस म्हणून प्राणिसंग्रहालयातून एक हत्तीण मैदानावर आणली होती. हे आम्हाला नंतर पेपरात कळलं. इकडं आमच्या घरात आरती चाललेली, आणि काकांचा एक कान आरतीत तर दुसरा पडवीतल्या रेडिओत. चार गडी राखून आपण जिंकलो तेव्हा आरतीची झांज कोणी थांबवलीच नाही. इंग्लंडमध्ये आपण त्याआधी एकही कसोटी जिंकली नव्हती.

टीम परत आली तेव्हा विमानतळापासून मुंबईभर उघड्या गाड्यांतून मिरवणूक निघाली. माझा एक चुलतभाऊ गिरणीत होता, तो खाडा करून रस्त्यावर उभा राहिला. वाडेकरांनी आपल्याकडं बघून हात केला, असं तो मरेपर्यंत सांगायचा. तिकडं इंदूरला लोकांनी विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभी केली, तिच्यावर खेळाडूंची नावं कोरली. आणि काकांनी पेपरातला वाडेकरांचा फोटो कापून भाताच्या पेजेनं पडवीच्या भिंतीला चिकटवला. त्या भिंतीवर त्याआधी फक्त देवांचे फोटो होते.

मधली तीन वर्षं वाईट गेली. बहात्तरचा दुष्काळ आमच्या खाडीकाठाला घाटावरच्यासारखा जाणवला नाही, पण रेशनवर मिलो आला, लाल ज्वारी. ती आम्ही भात खाणाऱ्यांनी कशी गिळली ते विचारू नका. महागाई तर रोजची. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, वीस दिवस. माझ्या जन्मापासून रूळ असे गप्प कधी ऐकले नव्हते. रात्री खाडीतल्या भरतीचा आवाज गावात यायचा. त्याच महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाला. म्हणजे बघा, पोटात मिलो आणि छातीत अणुबॉम्ब, अशी आमची अवस्था. वाडेकर तोवर तिसरी मालिकाही जिंकले होते, इंग्लंडला घरच्या मैदानावर हरवून. आपण हरू शकतो हेच लोक विसरले होते.

जूनमध्ये मँचेस्टरला गावसकरनं शंभर केल्या, पण थंडी-पावसात ती कसोटी गेली, ११३ धावांनी. मग लॉर्ड्स. इंग्लंडनं ६२९ केल्या. आपण ३०२, आणि फॉलोऑन. शनिवारी संध्याकाळी बिनबाद दोन. रविवारी तेव्हा विश्रांती असायची.

सोमवार, २४ जून १९७४. मी दहावीत होतो. नव्या पद्धतीची दहावी नुकतीच आली होती आणि आमची पहिलीच तुकडी, आमच्या आधीचे सगळे अकरावीला मॅट्रिक होत. ठाण्याच्या शाळेतून पुलावरून भिजत घरी आलो, कपडेही बदलले नाहीत. काका शेतातून आले होते. रोपं वर आली होती, आवणीला अजून आठवडा होता. चारला खेळ सुरू झाला आणि साडेपाचच्या आत संपला. सतरा षटकं. ओल्डनं पाच आणि अर्नोल्डनं चार गडी घेतले, चंद्रशेखरचा अंगठा दुखावलेला म्हणून तो खेळायलाच आला नाही. एकटा एकनाथ सोलकर १८ वर नाबाद राहिला. ओल्डचा बॉल त्यानं सीमेबाहेर भिरकावला होता, सहा धावा. बाकी एकालाही दोन आकडे गाठता आले नाहीत. एक डाव आणि २८५ धावा.

सोलकरबद्दल जरा सांगतो, नाहीतर राहून जाईल. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर त्याचे वडील माळी होते, ग्राउंड राखायचे. तिथंच एका खोपटात सगळं कुटुंब राहायचं. गवत कापणाऱ्याचा मुलगा त्या लॉर्ड्सवर शेवटपर्यंत उभा राहिला, याचं आम्हाला त्या दिवशी काही वाटलं नाही. आज वाटतं. त्या दिवशी आमच्या डोक्यात फक्त बेचाळीस.

पुढं बर्मिंगहॅमलाही तेच झालं. इंग्लंडचे दोनच गडी पडले आणि आपण डावानं हरलो. तीन-शून्य. मग मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटीला लोकांनी डांबर फासलं. मुंबईच्या प्रेक्षकाला राग नवा नव्हता. एकोणसत्तरला ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेंकटराघवनला आऊट दिलं म्हणून लोकांनी बाटल्या फेकल्या, मांडव आणि खुर्च्या पेटवल्या होत्या. पण तो राग पंचावरचा, तिथल्या तिथं. घरावर दगड ही गोष्ट वेगळी. तिथं माणसाची बायकामुलं असतात.

हे मी आज लिहितोय. तेव्हा मी काय केलं ते ऐका. लॉर्ड्सच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दगडांच्या बातम्या यायच्याही आधी, आम्ही चार-पाच पोरं काकांच्या पडवीत गेलो. काका शेतावर होते. मी गोठ्यातून ओंजळभर शेण आणलं आणि वाडेकरांच्या तोंडाला फासलं. बाकीचे हसले. मुद्दाम हरले, असं एकजण म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, जसं काही आम्ही लॉर्ड्सवर जाऊन बघून आलो होतो.

संध्याकाळी काका आले. पाय धुतले, पडवीत चढले, फोटोकडं बघितलं. कोणी केलं हे त्यांनी विचारलं नाही, माझ्या हाताला वास येतच असणार. ओलं फडकं घेऊन ते पुसायला लागले. पण तो पेपरचा कागद, पेजेनं चिकटवलेला. शेणाबरोबर तोंडच निघून आलं. मग ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तो काय मुद्दाम हरला का रं?" एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काकांनी हे का विचारलं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. आमची खाचरं खारजमिनीतली. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी. उधाणाच्या रात्री आळीपाळीनं राखण असायची. एका अमावास्येला काकांची पाळी होती. चिंबोऱ्यांनी बांध आतून पोखरला होता, वरून काही दिसत नव्हतं. पहाटे भरतीच्या जोरानं खांड पडली. काका एकटे दगडमाती लोटत राहिले, पण समुद्र एका माणसाचं ऐकतो का? सकाळी पोटऱ्यात आलेल्या भातात खारं पाणी उभं. एकदा मीठ शिरलं की ते धुवून निघायला दोन-तीन पावसाळे जातात. आळीतली माणसं म्हणाली, झोपला होता. काहींनी त्याहून वाईट शब्द वापरले. त्या वर्षी शिमग्याला होळीजवळ काकांच्या नावानं बोंब मारली गेली, आणि ती बोंब पोरासोरांची नव्हती. त्याच माणसांनी आधी दहा वर्षं, बांधाचं काम म्हटलं की काकांनाच पुढं केलं होतं.

काका झोपले नव्हते. त्यांच्या पायाला लागलेला दगडाचा व्रण मी बघितलेला आहे. पण तो दाखवत ते कधी कोणाकडं गेले नाहीत.

वाडेकर तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. तीन मालिका जिंकून दिलेल्या या माणसाला त्या दौऱ्यानंतर पश्चिम विभागाच्या संघातही घेतलं नाही, आणि त्यांनी खेळणं सोडलं. बँकेत गेले, मोठे अधिकारी झाले. नव्वदच्या दशकात टीमचे मॅनेजर म्हणून परत आले आणि १३ मार्च १९९६ला कोलकत्याच्या ईडन गार्डनवर पुन्हा तेच त्यांच्या वाट्याला आलं. वर्ल्ड कपची सेमीफायनल, श्रीलंकेसमोर विकेट धडाधड पडल्या, लोकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली. मॅच श्रीलंकेला देऊन टाकली आणि कांबळी रडत बाहेर आला. आम्ही सगळे टीव्हीवर कांबळीला बघत होतो. माझ्या मनात मात्र भिंतीवरचा तो फाटका कागद आला.

आपले लोक नेहमी असेच, असं मात्र मी म्हणणार नाही. ३१ जानेवारी १९९९ला चेन्नईत पाकिस्तानकडून आपण बारा धावांनी हरलो. सचिननं दुखऱ्या पाठीनं १३६ केल्या होत्या. ते सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि पाकिस्तानच्या टीमनं टाळ्यांच्या गजरात मैदानाला फेरी मारली. ते बघायला काका नव्हते. आणि आमच्या मुंबईची गंमत अशी की २००६ला वानखेडेवर सचिन एका धावेवर आऊट झाला तर लोकांनी त्याचीच हुर्यो उडवली. स्वतःच्या गावात, स्वतःच्या पोराची.

तर पुतण्या. छत्तीसच्या दिवशी त्याच्या शिव्यांतला मोठा वाटा अजिंक्य रहाणेला होता. पहिल्या डावात रहाणेच्या चुकीच्या हाकेमुळं ७४ वर खेळणारा कोहली धावबाद झाला होता, आणि तिथून सगळं घसरलं. पुतण्यानं मोबाइलवर काहीतरी लिहून रहाणेचा फोटोही टाकला होता, त्यावर जोड्याचं चित्र. आमच्या वेळी शेण आणायला निदान गोठ्यात जावं लागायचं.

कोहली मूल होणार म्हणून घरी परतला आणि कप्तानपद रहाणेकडं आलं. रहाणे डोंबिवलीत वाढलेला. लहानपणी खेळाची बॅग सांभाळत लोकलच्या गर्दीतून मुंबई गाठणारा, म्हणजे आमच्या कळव्यावरूनच. मेलबर्नला त्यानं ११२ केल्या आणि २९ डिसेंबरला आपण जिंकलो. अवघ्या दहा दिवसांत. पुतण्या नाचत आला, मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. रहाणेचाच फोटो, वर लिहिलेलं, 'आमच्या डोंबिवलीचा वाघ'.

"आणि ते जोड्याचं?" मी विचारलं.

"ते डिलीट केलं काका. कुणाला आठवतंय आता."

मग मी त्याला बसवलं आणि शेणाची गोष्ट सांगितली. बांधाचीही सांगितली, कारण आमचं ते खाचर त्यानं बघितलेलंच नाही. तिथं आता सात मजल्यांची बिल्डिंग आहे. त्यानं ऐकून घेतलं, मधे मोबाइलकडं बघितलं नाही. शेवटी विचारलं, "मग तुम्ही मोठ्या आजोबांना सॉरी म्हणालात का?"

नाही म्हणालो. त्या काळी घरात कोणी कोणाला सॉरी म्हणत नसे. आवणीला त्या वर्षी मी शाळा बुडवून काकांच्या खाचरात आठ दिवस राबलो, त्यांनी न बोलावता. चौथ्या की पाचव्या दिवशी चिखलात वाकलेले असतानाच त्यांनी विचारलं, आजचा स्कोर काय? बर्मिंगहॅमची कसोटी सुरू झाली होती. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून रेडिओ लावला.

सिडनीची मॅच ७ जानेवारीला पहाटे पाचला सुरू होणार होती. पुतण्याची झोप गाढ. आदल्या रात्री दारात येऊन म्हणाला, "काका, तुम्ही उठताच ना लवकर? मला हाक मारा."